किलोमीटरचा दर सगळेच सांगतात

मोडनिंबला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे, पुणे-सोलापूर हायवे गावाला लागून जातो, एसटी हात केला की थांबते. तरी लग्नकार्य निघालं, सोलापूरच्या दवाखान्यात आजीला दाखवायचं असलं, पोराला पुण्याच्या विमानतळावर सोडायचं असलं किंवा घरातल्या सगळ्यांना घेऊन तुळजापूर-अक्कलकोट करायचं असलं, की गाडी सांगावीच लागते. ओळखीच्या गाडीवाल्याला फोन लागतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अण्णा, किलोमीटरला काय घेणार?" अण्णा चौदा सांगतात. टेंभुर्णीचा एक जण तेरा सांगतो. आपण तेरावाल्याला होकार देतो आणि चारशे-पाचशे रुपये वाचवले म्हणून खूश होतो.

खरं भाडं त्या प्रश्नानंतर जे विचारायचं राहून जातं, त्यात असतं. त्याहूनही मोठा खर्च तर बिलात कधी लिहिलाच जात नाही. तो गाडीच्या नंबरप्लेटच्या रंगात असतो. आधी बिलाचं बघू.

समजा, शनिवारी पहाटे निघून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर करून रविवारी रात्री परत यायचं आहे. गाडी प्रत्यक्षात ४२० किलोमीटर फिरली आणि दर चौदा रुपये ठरला, तर मनातल्या मनात हिशेब होतो ५,८८० रुपये. हातात बिल येतं ते असं : दोन दिवस, रोज कमीत कमी ३०० किलोमीटर, म्हणजे ६०० गुणिले चौदा, ८,४०० रुपये. ड्रायव्हर भत्ता रोज पाचशे, एकूण हजार. टोल आणि पार्किंग ४८०. बेरीज ९,८८०. ती ४२० किलोमीटरवर वाटली तर चौदाचे साडेतेवीस रुपये झाले. यात कुणी लबाडी केलेली नाही. रोजचे किमान किलोमीटर हा धंद्यातला जुना नियम आहे. गाडी दिवसभर तुमच्यासाठी अडकून पडते, हप्ता तर थांबत नाही. फक्त हा नियम फोनवर कुणी आपण होऊन सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. म्हणून दर विचारण्याऐवजी "सगळं धरून किती होईल?" हे विचारावं. तेरा रुपये दर आणि ३०० किमान सांगणाऱ्यापेक्षा पंधरा रुपये दर आणि २५० किमान सांगणारा वरच्या सहलीत स्वस्त पडतो : पहिल्याचे ७,८००, दुसऱ्याचे ७,५००.

दिवस कसा मोजणार, हा त्यापुढचा प्रश्न, आणि पैसे सगळ्यात जास्त इथेच जातात. काही जण चोवीस तासांचा दिवस धरतात, बरेच जण रात्री बारा ते बारा. पुण्याचं विमान पहाटे चारचं असेल तर इथून रात्री नऊला निघावं लागतं. विमानतळावर माणूस सोडून गाडी सकाळी सहा-सातला परत येते. घड्याळात नऊ-दहा तास झाले, पण बारा ते बारावाल्याच्या वहीत दोन दिवस पडले. ३८० किलोमीटरच्या फेरीला ६०० चे पैसे आणि दोन दिवसांचा भत्ता. अशा फेरीसाठी किलोमीटरवर गाडी ठरवूच नये. "पुणे ड्रॉप, टोलसकट, उक्तं किती?" असं विचारावं. ड्रॉप म्हटलं तरी रिकामं परत येण्याचं डिझेल आपल्याच माथी असतं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. गाडी कुठून मोजली जाणार, हेही विचारून घ्यावं. गाडी सोलापूरची असेल तर तिची येण्याची आणि परत जाण्याची रिकामी फेरीही तुमच्याच मीटरवर चढते. यालाच ते लोक गॅरेज टू गॅरेज म्हणतात.

टोलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे रक्कम लहान असली तरी फसगत नेहमीची आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर असे नाके आहेत. राष्ट्रीय महामार्गाच्या २००८ च्या शुल्क नियमांप्रमाणे एकाच नाक्यावरून चोवीस तासांच्या आत परत आलात, तर दोन्ही फेऱ्यांचे मिळून एकेरी टोलच्या दीडपट पैसे लागतात, दुप्पट नाही. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला आणि पैसे आपोआप कापले जाऊ लागले. मेसेज येतो मालकाच्या मोबाइलवर. हातात पावती नाही, म्हणून बिलात "टोल जाऊन-येऊन" असं लिहून सरळ दुप्पट लावला जातो. उपाय साधा आहे : टोलचे पैसे फास्टॅगचा मेसेज किंवा स्टेटमेंट बघून देणार, असं निघायच्या आधीच सांगायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजार रुपयांत वर्षाला दोनशे फेऱ्यांचा फास्टॅग पास सुरू झाला, पण तो फक्त खासगी, बिगरव्यावसायिक गाड्यांना. तुम्ही भाड्याने घेतलेल्या गाडीचा मालक तो पास वापरून वर तुमच्याकडून पूर्ण टोल घेत असेल, तर ती गाडी भाड्याने द्यायची नव्हतीच, हे त्या पासवरूनच कळतं. आषाढीच्या दिवसांत तर आणखी एक गोष्ट. अलीकडच्या काही वर्षांत राज्य सरकारने पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या गाड्यांना टोलमाफीचे पास दिले आहेत. गाडीच्या काचेवर पास चिकटवलेला आणि बिलात टोल, असं दिसलं तर बोट दाखवायला लाजू नका.

गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात, हे आपल्या लक्षात राहत नाही, कारण अक्कलकोटहून गेलं की सगळं आपलंच वाटतं. विजापूर, हंपी, मंत्रालय, तिरुपती यांचंही तेच. गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट नसेल, तर दुसऱ्या राज्यात शिरताना वेगळा परमिट काढावा लागतो आणि तिथला कर भरावा लागतो.  ही रक्कम कोण भरणार, हे गावातून निघायच्या आधी ठरावं. सीमेवर गाडी उभी करून, मागे पोरं रडत असताना ठरवायची ही गोष्ट नाही.

बाकीचं किरकोळ : एसी लावला तर किलोमीटरला जादा, कॅरियरवर सामान टाकलं तर जादा, रात्री दहानंतर गाडी चालली तर "नाइट" वेगळी. जीएसटी वेगळा म्हणाला तर नंबर मागा. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल, तर त्याला सहसा नोंदणीच करावी लागत नाही. नंबर नसताना जीएसटी घेणारा तो पैसा सरकारला देत नाही, खिशात घालतो.

हे सगळं तोंडी बोलून चालत नाही. माणूस चांगला असतो, पण ठरलेलं विसरतो. फोन झाल्यावर एक मेसेज पाठवावा : "अण्णा, शनिवारी पहाटे ५ ला मोडनिंबातून अर्टिगा. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, रविवारी रात्री परत. किमी १४, रोज किमान ३००, भत्ता रोज ५००, टोल फास्टॅगच्या मेसेजप्रमाणे, कर्नाटकचा परमिट तुमच्याकडे. बरोबर ना?" अण्णांचा "हो" आला की तो जपून ठेवायचा. भांडणासाठी नव्हे. बहुतेक वेळा त्या एका "हो"मुळेच भांडण होत नाही.

पाटीचा रंग

आता मूळ मुद्दा. गावात भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याच गाड्या पांढऱ्या पाटीच्या असतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टुरिस्ट पासिंगची, परवानाधारक गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी. पांढऱ्या पाटीची गाडी किलोमीटरला दोन-तीन रुपये स्वस्त पडते, आणि ती का स्वस्त पडते हे आकड्यांतच दिसतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीचा वर्षाचा थर्ड पार्टी विम्याचा हप्ता ३,४१६ रुपये. तेवढ्याच इंजिनाच्या टॅक्सीचा ७,९४० रुपये, शिवाय दर प्रवाशामागे ९७८. चार प्रवासी धरले तर ११,८५२. म्हणजे जवळपास साडेतीनपट. त्यावर परमिट, आणि पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी फिटनेसचं पासिंग. पिवळ्या पाटीवाला हे सगळं भरतो. पांढऱ्यावाला भरत नाही, आणि न भरलेल्यातलाच थोडा भाग तुम्हाला सवलत म्हणून देतो.

हा न भरलेला हप्ता अपघात झाला की समोर येतो. खासगी गाडीच्या विमा सर्टिफिकेटवर वापराच्या मर्यादा सांगणारी एक ओळ छापलेली असते. भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर, मालवाहतूक, शर्यती वगैरे गोष्टी सोडून इतर वापरासाठी हा विमा आहे, असा तिचा अर्थ. भाडं हा शब्द वगळलेल्या गोष्टींत सगळ्यात पहिला आहे. गाडीवाल्यालाही हे पक्कं माहीत असतं. म्हणून तर पोलीस दिसले की तो मागे वळून म्हणतो, "विचारलं तर आपण पाहुणे आहोत म्हणून सांगा." प्रवासाला निघताना हे वाक्य ऐकू आलं, तर आपण कुठल्या विम्यावर बसलो आहोत, याचं उत्तर मिळालं असं समजावं. पोलिसांना सांगितलेला पाहुणा विमा कंपनीच्या तपासनिसासमोर टिकत नाही. फोन-पेवरची नोंद असते, नंबर असतात, आणि दवाखान्यात पडलेल्या माणसाला खोटं बोलायचं भान नसतं.

अशा अपघातात पुढे काय होतं? गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारू शकते. मग मालक गॅरेजच्या बिलाचा कागद घेऊन तुमच्या दारात येतो आणि ओळखीतला असल्याने त्याला नाही म्हणणं अवघड जातं. हे तरी परवडलं. आतल्या माणसांचं काय? गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर खासगी गाडीत बसलेल्या माणसांना तो लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच स्पष्ट केलं. पूर्ण, म्हणजे पॅकेज विमा असेल तर आतली माणसं त्यात येतात, पण भाड्याचा वापर हा अटीचा भंग ठरतो आणि कंपनी तोच मुद्दा धरून मोटार अपघात न्यायाधिकरणात लढते. काही प्रकरणांत न्यायालय कंपनीला आधी पैसे द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं, काहींत नाही. त्या "काहीं"ची वाट बघण्यात जाणारी वर्षं जखमी माणसाच्या घरच्यांची असतात. शिवाय परमिटशिवाय भाडं मारणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खालचा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. शिक्षा गाडीवाल्याला होते, पण गाडी अडकवून ठेवली तर बॅगा घेऊन रस्त्यावर उभे राहणारे आपणच असतो.

माझं मत स्पष्ट आहे. गावातल्या गावात, कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं असलं तर शेजाऱ्याची जी गाडी मिळेल ती घ्यावी. माणुसकीने दिलेली गाडी ही भाड्याची गाडी नव्हे. पण दोन दिवसांचा प्रवास, हायवे, आत सात-आठ माणसं आणि पैसे ठरवून, असं असेल तर किलोमीटरला तीन रुपये जास्त देऊन पिवळी पाटीच घ्यावी. वरच्या सहलीत रोज किमान ३०० धरून ६०० किलोमीटरला १,८०० रुपये जास्त जातात. एवढ्या पैशांत तुमच्या घरातल्या सात माणसांना विमा मिळतो आहे.

पाटी पिवळी आहे एवढ्यावरही थांबू नका. फोनवर एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की वाहनाचा वर्ग, विमा कधीपर्यंत, फिटनेस कधीपर्यंत, हे सगळं दिसतं. वर्गापुढे मोटर कॅब किंवा मॅक्सी कॅब असं असायला हवं. ड्रायव्हर सोडून सहा प्रवाशांपर्यंत मोटर कॅब, सहाच्या वर बारापर्यंत मॅक्सी कॅब. विम्याची तारीख गेल्या महिन्यातच उलटून गेलेली निघाली, असंही घडतं.

सीटचा आकडा मुद्दाम बघावा, कारण आपल्याकडे तो कुणी मनावर घेत नाही. लग्नाला बारा सीटच्या क्रूझरमध्ये अठरा माणसं आणि वर पोरं असा प्रकार रोजचा. हिमाचल प्रदेशात ४२ प्रवाशांची परवानगी असलेल्या एका बसमध्ये नव्वदच्या आसपास माणसं कोंबली होती आणि बसला अपघात झाला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : विमा कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच. ती रक्कम सगळ्यांत प्रमाणात वाटायची आणि उरलेलं बसमालकाकडून वसूल करायचं. म्हणजे जास्तीच्या माणसाला विमा मिळाला नाही एवढंच झालं नाही, तर नियमाने बसलेल्याचा वाटाही कमी झाला. अठरावा माणूस गाडीत चढताना बाकीच्या सतरा जणांच्या विम्यातला तुकडा घेऊन चढतो.

स्वतः चालवायची गाडी

पुण्याला किंवा गोव्याला शिकणारी-नोकरी करणारी पोरं आता ड्रायव्हर नको म्हणतात. ॲपवर गाडी घेतात आणि स्वतः चालवतात. या धंद्यासाठी १९८९ ची केंद्राची रेंट-अ-कॅब योजना आहे आणि तिच्यात परवाना मिळवायला किमान ५० गाड्या लागतात. त्यावरून एक गोष्ट ताडता येते : तालुक्याच्या गावी कुणी आपली एकच पांढरी गाडी "सेल्फ"ला देत असेल, तर ते या योजनेत बसत नाही. असा माणूस कधी सही केलेला कोरा चेक मागतो, कधी मूळ आधार कार्ड ठेवून घेतो. दोन्ही देऊ नये. झेरॉक्स द्यावी, डिपॉझिट ऑनलाइन द्यावं.

मोठ्या कंपन्यांच्या ॲपवर सुरुवातीचं भाडं डोळ्यांत भरतं. पुढे किलोमीटरची मर्यादा, तिच्यावरच्या प्रत्येक किलोमीटरचा वेगळा दर, उशिरा परत केल्याचा तासाचा दंड, डिझेलची पातळी कमी भरली तर दंड, सीटवर चिखल दिसला तर धुलाई, ई-चलन आलं तर चलनाची रक्कम आणि वर कंपनीचा हाताळणी आकार, असं एकेक निघत जातं. पैसे भरायच्या शेवटच्या पडद्यावर एक जादा संरक्षण आधीच टिक करून ठेवलेलं असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणं आणि न विचारता बिलात वस्तू घुसवणं, हे दोन्ही त्या तेरांत आहेत. तेव्हा त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवणं वाया जात नाही.

हे जे संरक्षण म्हणून विकतात, तो बहुतेक वेळा विमा नसतोच. नुकसान झालं तर आम्ही तुमच्याकडून अमुक रकमेपेक्षा जास्त घेणार नाही, एवढं कंपनीने दिलेलं वचन असतं, आणि त्याला अपवाद असतात : टायर, काच, चाकाच्या रिम, गाडीचा खालचा भाग, हरवलेली किल्ली. आपल्याकडच्या रस्त्यांवर नेमक्या याच गोष्टी जातात. ती यादी वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. परवाना नसलेल्या मित्राच्या हातात गाडी दिली किंवा दारू पिऊन चालवली, तर हे वचनही संपतं आणि विमाही.

बंपरला ओरखडा गेला की डिपॉझिट का कापलं जातं आणि विम्याचा क्लेम का होत नाही, याचं गणित समजून घ्यायला हवं. गाडीच्या विम्यात प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा संरक्षण, घेतलेलं नसेल तर बारा हजारांच्या बंपरचे कंपनी सहा हजार धरते, त्यातूनही सक्तीची वजावट जाते. आणि एक क्लेम केला की मालकाचा नो क्लेम बोनस जातो, जो पाच वर्षं क्लेम न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. चार-पाच हजार मिळवायला मालक पुढच्या हप्त्यातली तेवढीच किंवा जास्त सूट कशाला घालवेल? त्याच्यासाठी तुमचं डिपॉझिट हाच विमा. म्हणून गाडी ताब्यात घेताना विचारा : नुकसान झालं तर गॅरेजचं पक्कं बिल दाखवणार का? गाडी गॅरेजमध्ये असेल त्या दिवसांचं भाडं माझ्याकडून घेणार का? या दुसऱ्या प्रश्नावर भलेभले गप्प बसतात. डेंटिंग-पेंटिंगचं बिल चार हजार आणि गाडी उभी राहिल्याचे आठ दिवसांचे सोळा हजार, असा प्रकार होऊ शकतो, आणि हे दिवसाचं भाडं कुठल्याही साध्या मोटार विम्यात येत नाही.

गाडी घेताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. चारही बाजू, छत, काच, चारही टायर, स्टेपनी आणि जॅक, मीटरचा आकडा, डिझेलचा काटा. मग खाली वाकून बंपरच्या खालची कड आणि इंजिनखालचं ऑइल चेंबर. ही शेवटची जागा कुणी बघत नाही. गतिरोधक किंवा खड्ड्यात खालून मार बसला की चेंबर फुटतं. चेंबर फुटणं हा अपघात आहे, त्याचा खर्च विम्यात बसतो. पण ऑइलचा लाल दिवा लागलेला असताना "टेंभुर्णीपर्यंत तरी जाऊ" म्हणून गाडी तशीच दामटली आणि इंजिन जाम झालं, तर ते परिणामी नुकसान. साध्या पॉलिसीत ते नसतं आणि इंजिनचं काम लाखाच्या घरात जातं. दिवा लागला की गाडी कडेला घ्यायची, बंद करायची आणि फोन करायचा. 

आता चालवणाऱ्याचं. गाडीच्या विम्यात पंधरा लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, पण ते मालक-चालकाचं, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचं. भाड्याने किंवा मागून घेतलेली गाडी तुम्ही चालवत असाल आणि चूक दुसऱ्या कुणाची नसेल, तर तुम्ही त्या विम्यात कुठेच बसत नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर कर्नाटकातलं एक प्रकरण आलं होतं. एका माणसाने दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेतली होती आणि पुढे चाललेल्या बैलगाडीवर ती आदळून तो गेला. न्यायालयाने म्हटलं, गाडी मागून घेणारा मालकाच्या जागी उभा असतो, तो तिऱ्हाईत नव्हे, त्यामुळे त्याच्या वारसांना चूक सिद्ध न करता मिळणारी ती भरपाई मागता येणार नाही. म्हणून स्वतः गाडी चालवणाऱ्याकडे स्वतःच्या नावाचा वैयक्तिक अपघात विमा हवाच. बँकेतून वर्षाला २० रुपयांत होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. १८ ते ७० वर्षांच्या माणसाला तो घेता येतो. रक्कम मोठी नाही, पण निदान पासबुक उघडून हप्ता कापला गेला आहे का, ते बघा. मोठा अपघात विमाही वर्षाला काही शेकड्यांपासून सुरू होतो.

पोरं परदेशी असलेल्या घरांसाठी थोडं. अमेरिकेत किंवा युरोपात मुलाकडे जाऊन गाडी घ्यायची असेल, तर इथून निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. अमेरिकेतल्या काउंटरवर दोन वेगळ्या गोष्टी विकतात आणि त्यांची गल्लत होते : एक, त्यांच्या गाडीचं नुकसान माफ करणारं, आणि दुसरं, तुम्ही दुसऱ्याला धडकलात तर त्याची भरपाई देणारं. अमेरिकेत स्वतःच्या गाडीचा विमा असलेला तिथला माणूस दुसरं नको म्हणतो, कारण त्याचा विमा त्याच्या मागे असतो. आपल्या मागे काही नसतं, म्हणून पाहुण्याने ते दुसरं नाकारू नये. जादा ड्रायव्हरचं नाव, पंचविशीच्या आतल्या ड्रायव्हरचा अधिभार आणि टोलच्या यंत्राचं रोजचं भाडं, हे तिकडचे छुपे खर्च.

इतकं करूनही पैसे जास्त गेले, तर पहिला फोन १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला. तिथे न मिटलं तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. गाडीची कंपनी पुण्याची असो की बेंगळुरूची, २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्याही होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. वकील लागतोच असं नाही. गाडी ठरवतानाचा मेसेज, पैसे दिल्याची नोंद आणि बिल मात्र लागतं, तेव्हा गाडीवाल्याकडून बिल मागून घ्या. साध्या कागदावर लिहून सही केलेलं असलं तरी चालेल.